चंद्री म्हशीच्या विस्मरणाची मोहीम

श्रीअंबाबाईचे कृपाछत्र ज्या करवीर क्षेत्रावर अखंड आहे, त्या क्षेत्रीच्या मंगळवार पेठेत शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरी, भाद्रपदापासोन कार्तिकापावेतो जे तुंबळ माजले, आणि ज्यामध्ये एक म्हैस, एक मनोरा आणि एक मोबाईल ऐशा तीन महाशक्ती परस्परांवर चालोन गेल्या, त्याचा वृत्तांत पुढील पिढ्यांस ठाऊक असावा. कारण चालू पिढीच्या काही ध्यानात राहात नाही, ऐसे खुद्द चालू पिढीचेच म्हणणे पडले. सबब ही विस्मरणाची मोहीम विस्मरणात जाण्याआधी लिहोन ठेविली. लिहिता कोणाची भीड धरिली नाही. म्हशीची मात्र थोडी धरिली आहे.

तर पेठेत तालमीमागील बोळात राजमान्य राजश्री पिराजीराव, दूधदुभत्याचे सरदार, वास्तव्य करोन होते. पदरी म्हशींचे पथक, दाराशी सायलेन्सर काढिलेली फटफटी, मुखी तंबाखू, आणि घरात कुटुंब झुंबरबाईसाहेब यांचा अंमल, ऐसा एकूण सरंजाम. या पथकाची सरनोबत म्हणजे चंद्री. कपाळी पांढरा टिळा, शिंगे मागे वळोन मानेस टेकलेली, आणि चाल ऐसी डौलाची की समोरोन रिक्षा आली तर काय करावयाचे ते रिक्षाने ठरवावे. पिराजीरावांच्या कैलासवासी मातोश्री धोंडुबाई, त्यांच्या हातची ही शेवटली म्हैस. चंद्री रेडकू होती तेव्हा मातोश्रींनी तिचे डोके मांडीवर घेऊन तिला गोंजारिले, आणि धारेस बसता एक ओवी म्हणावी, ती ओवी ऐकत चंद्री थोरली जाहली. पुढे मातोश्री निवर्तल्या आणि ओवी पिराजीरावांकडे आली, जैसे वतन यावे. मग पिराजीराव धारेस बसत, कपाळ चंद्रीच्या कुशीस टेकीत, डोळे मिटीत, ओवी गुणगुणत, आणि चंद्री पान्हा सोडी. चरवीत धार वाजे, फेस चढे, आणि सायंकाळी म्हैस तालमीच्या कट्ट्याशी नेऊन तेथेच धार काढीत, तेव्हा पैलवान हाती पेले घेऊन ओळीने उभे राहात, त्यांच्या पेल्यात ते ऊन ऊन दूध पडे. ऐसी रामराज्याची घडी बसली होती.

या नगरीचा दस्तूर ऐसा की, दिवाळीच्या पाडव्यास गवळ्यांनी म्हशी धुवोन, शिंगे रंगवोन, मोरपिसे, कवड्यांच्या माळा आणि घुंगरू चढवोन रस्त्यात काढाव्या, मालकाने फटफटीवर पुढे जाऊन हाक मारावी, आणि म्हशीने अवघ्या गर्दीतोन आपला धनी तेवढा ओळखोन त्याजमागे धावत सुटावे. ज्याची म्हैस धावली तो वर्षभर मिशीस पीळ देत हिंडे. ज्याची न धावली, त्यास पेठेत चहासुद्धा कोणी विचारीत नसे. चंद्री आजवर कधी चुकली नव्हती. उलट एके वर्षी तिने पिराजीरावांस मागे टाकोन फटफटीच्या पुढे धाव घेतली, तेव्हा कोण कोणामागे निघाले हे ठरविता पंचांची पंचाईत जाहली होती.

ऐशा सुखात गणेशचतुर्थी आली आणि मोबाईल आला.

तो आणविला कृष्णातरावांनी. कृष्णातराव हे पिराजीरावांचे बाळपणीचे स्नेही व मसलतगार. नाक्यावर मोबाईल, कव्हरे आणि रिचार्जची कूपने यांचे दुकान थाटोन बसलेले. त्यांनी सल्ला दिला तो ऐसा: "भावा, गिऱ्हाईक आता हाकंनं येत न्हाय, रिंगनं येतंय. ह्यो घे, गळ्यात अडकव." पिराजीरावांनी यंत्र गळ्यात अडकविले, आणि त्या घटकेपासोन ते यंत्राच्या गळ्यात अडकले. सकाळी घंटी, दुपारी घंटी, गोठ्यात घंटी. धारेस बसता दोन्ही हात गुंतलेले, सबब यंत्र कान आणि खांदा यांच्या बेचक्यात दाबोन, मान वाकडी करोन धार काढण्याची नवी युद्धकला त्यांनी सिद्ध केली. कपाळ कुशीस टेकणे बंद पडले, कारण त्या जागी आता यंत्र. ओवीही बंद पडली, कारण तोंड एकच. आणि त्या तोंडातोन अष्टौप्रहर गर्जना ऐसी चाले: "ये की! ये, ये! आरं लगीच ये, मी हितंच हाय!" चंद्री प्रथम प्रथम या हाकेस कान टवकारी, दोन पावले पुढे येई, दाव्यास हिसका बसे, आणि धनी पाहावे तो भिंतीशी बोलताहेत. मग ती पुन्हा मागे सरे. ऐसे वारंवार घडोन अखेर तिने कान टवकारणे सोडिले.

पुढे नवरात्रात अनर्थ उद्भवला. चंद्रीने पान्हा चोरला. कट्ट्यावर पैलवान पेले घेऊन उभे, पिराजीराव मान वाकडी करोन बसलेले, यंत्रावर कोणा पावण्याशी बारशाच्या दुधाची वाटाघाट चाललेली, आणि चरवीत टिपूस नाही. पिराजीरावांनी आचळास पाणी लाविले, थाप मारिली, हाक मारिली. चंद्री रस्त्यापलीकडच्या भिंतीवरील सिनेमाचे पोस्टर पाहात राहिली, जैसे हे गृहस्थ कोण आणि माझ्यापाशी का बसले. रिकामे पेले घेऊन फौज माघारी गेली. जाता जाता एक पैलवान बोलिला, "मामा, म्हशीनं वळख सोडली काय तुमची?" तो शब्द पिराजीरावांच्या काळजात भाल्यासारखा शिरला; आणि पाडवा तर येऊन ठेपलेला.

मग मसलत बसली. कृष्णातरावांनी वर्तमानपत्राचे कात्रण काढोन ऐसा गौप्यस्फोट केला की, मोबाईल आणि त्याचे मनोरे यांतोन लहरी निघतात, त्या डोक्यात शिरतात, मेंदू ऊन होतो, आणि स्मरणशक्ती लोण्यासारखी वितळोन जाते. विलायतेत उंदरांस या लहरींत ठेविले, तो उंदीर घरची वाट विसरले. कात्रणाच्या तळाशी "याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत" ऐसी एक ओळ होती, परंतु ती घडीत दुमडली गेल्यामुळे मसलतीपुढे आली नाही. कृष्णातरावांनी बोट उंचावोन गोठ्यासमोरील माडीकडे दाखविले. तेथे गच्चीवर उन्हाळ्यापासोन एक लोखंडी मनोरा उभा होता, माथ्यावर तांबडा दिवा, कमरेस ढोलांसारखी भांडी. "उंदीर यवढासा," कृष्णातराव बोलिले, "म्हस किती मोठी? तिच्या डोक्यात किती शिरत आसंल, हिशेब कर की मर्दा!" अवघी मसलत बोटे मोजू लागली. हिशेब कोणासच येईना. आणि तोही लहरींचाच प्रताप ठरला.

ही खबर पेठेत दुपार टळण्याआधी पसरली. जासूद लागले नाहीत. मोबाईल डोक्यास घातक आहे, हे प्रत्येकाने प्रत्येकास मोबाईल कानास लावोन कळविले, आणि ज्यास नीट पटले नाही त्यास पुन्हा कळविले.

मग जो तो आपापले विस्मरण घेऊन पुढे आला. एका गृहस्थास बायकोने सांगितलेली कोथिंबीर आठवेना. न्हावी एका बाजूचा कल्ला राखोन दुसऱ्या बाजूचा विसरला. तालमीचा एक मल्ल आखाड्यात उतरोन धोबीपछाड विसरला, जो त्यास पूर्वीही येत नव्हता. सासुरवाडीचे आमंत्रण विसरलेले तर इतके निघाले की त्यांची स्वतंत्र पलटण उभी राहती. पेठेत पूर्वी विसरभोळे नव्हते काय? होते, परंतु बापड्यांना कारण नव्हते. आता कारण मिळाले आणि विस्मरणास प्रतिष्ठा आली.

उपायांची तजवीज कृष्णातरावांकडेच होती. ज्या दुकानी यंत्र विकले त्याच दुकानी यंत्राचा उतारा, ऐसी ईश्वरी योजना. लहरी शोषोन घेणारी एक सोनेरी चिकटपट्टी त्यांनी मुंबईहून मागविली. एक पिराजीरावांच्या यंत्रास आणि एक चंद्रीच्या डाव्या शिंगास चिकटविली. मग कोणी सांगितले की धातूपुढे लहरींचे काही चालत नाही, म्हणोन चंद्रीच्या मस्तकी ॲल्युमिनियमची परात सुतळीने बांधिली. मग कोणी सांगितले की शेणापुढे अणुबाँबचेही काही चालत नाही, म्हणोन गोठ्याची मनोऱ्याकडील भिंत शेणाने दुहेरी लिंपिली. ऐसी शिरस्त्राण धारण केलेली चंद्री सायंकाळी कट्ट्याकडे निघाली, तेव्हा मावळतीची किरणे परातीवर पडोन अर्धी पेठ दिपली, पोरांनी आरोळ्या दिल्या, आणि चंद्रीने खाली मान घातली. तिने मान खाली घातलेली पेठेने प्रथमच पाहिली. परात वाजली, लोक हसले. झुंबरबाईसाहेब दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

रात्री त्यांनी हुकूम फर्माविला, तो ऐसा: "डाक्टर आणा. न्हाय आणला तर उद्यापासनं च्या बी तुमचा तुमीच करा, आणि परातीत पीठ बी तुमीच मळा, ती म्हशीच्या डोस्क्यावर हाय." हा हुकूम निर्वाणीचा जाणोन दुसरे दिवशी राजारामपुरीहून गुरांच्या डॉक्टर शांभवीबाई स्कूटीवर दाखल जाहल्या. त्यांनी प्रथम परात उतरविली. मग ताप पाहिला, कास पाहिली, डोळे पाहिले, वैरणीचे विचारिले, आणि निकाल दिला की म्हैस ठणठणीत आहे. लहरींविषयी छेडिले असता त्या बोलिल्या, "मोठमोठी माणसं तपासतायत अजून. मेंदूवर, आठवणीवर परिणाम होतो असं ठाम सिद्ध झालेलं नाही, आणि कधीच होणार नाही असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला माहीत नाही." मला माहीत नाही, ऐसे बोलणारा वैद्य पेठेने आजवर पाहिला नव्हता, सबब बाईंच्या विद्येविषयी सर्वांस तत्काळ शंका आली. मग बाईंनी पुसले, "बरं मामा, इतक्यात तुमच्या स्वतःच्या वागण्यात काही बदल झालाय का? धार काढताना काही वेगळं?" पिराजीराव उत्तर देणार तोच घंटी वाजली. "व्हय, बोला पावणं!" करोन ते मान वाकडी करीत गोठ्याबाहेर चालते जाहले, ते परत आले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी झुंबरबाईंकडे पाहिले. "ह्येच की वो बाई," झुंबरबाई बोलिल्या, "ह्येच. पर सांगायचं कुनाला? माजा नंबर न्हाय त्येंच्याकडं."

मग एकच मार्ग उरला, तो युद्धाचा. मनोरा ज्या गच्चीवर, ती माडी भरमाप्पांची. भरमाप्पा हे पेंड आणि सरकीचे मातबर व्यापारी, मूळ सीमेपलीकडले, कपाळी भस्माचे पट्टे, वाणी मधाळ. पेठेच्या कुल म्हशी त्यांच्याच पेंडीवर पोसलेल्या. त्यांजवर चालोन जाण्याचा मनसुबा ठरला. फौज जमविण्यास्तव सर्वांस मिस कॉल देण्यात आले. मिस कॉलचा अर्थ न कळोन काहींनी उलट कॉल केले, त्यात काही काळ गेला. परंतु अखेर तालमीचे मल्ल, गवळी मंडळी आणि कोथिंबीर विसरलेले गृहस्थ ऐसी मोठी फौज "टॉवर हटवा, मेंदू वाचवा" या निशाणाखाली कूच करोन माडीखाली येऊन थडकली.

भरमाप्पा गादीवरोन उठोन हात जोडीत बाहेर आले. पिराजीरावांनी मागणे मांडिले की मनोरा आजच्या आज उतरवावा. भरमाप्पा बोलिले, "अय्यो शिवा! उतरवतो की पिराजीअण्णा, आत्ता उतरवतो. तुमची म्हस ती माझी म्हस. पण रेंज गेल्यावर पेंडीची आर्डर कशावरनं सांगणार तुमी? येणार काय रोज चालत?" पिराजीराव यावर जळजळीत जबाब देणार, इतक्यात विपरीत घडले. फौज मनोऱ्याच्या ऐन पायथ्याशी उभी होती, आणि तेथे रेंज ऐसी भरघोस की उभ्या पेठेत तैसी कोठे नाही. जे कॉल सकाळपासोन अडले होते ते एकदम कोसळले. अवघ्या सैन्याच्या खिशांतोन घंट्या वाजल्या, आणि एकेक वीर पाठ फिरवोन, एक बोट दुसऱ्या कानात घालोन, "आवाज येतोय का? हां, आता एकदम क्लिअर येतोय!" ऐसे ओरडत पांगला. रणांगणी पिराजीराव एकटे उरले. त्यांचीही घंटी वाजली. भरमाप्पांनी सर्वांस चहा पाजिला आणि मंडळी मनोऱ्याखाली तिन्हीसांजेपावेतो बोलत बसली. ऐसी शिकस्त इतिहासात कोणी खाल्ली नसेल, आणि खाऊन इतका संतोषही कोणी पावला नसेल.

पिराजीरावांस जी घंटी आली होती ती चंदगडाहून, मेव्हणे आकाराम यांची. आकारामांचा डोळा चंद्रीवर पूर्वीपासोनच. त्यांनी तेथील टपालकचेरीतल्या फोनवरोन कळविले की, चंदगड म्हणजे डोंगर, धुके आणि पाऊस. येथे मोबाईलची लहर औषधासही मिळत नाही. म्हैस इकडे धाडावी, काजूच्या सावलीत बांधितो, डोके थंड होईल, सर्व आठवेल. कृष्णातरावांनी दुजोरा दिला. पिराजीरावांनी तालमीच्या कट्ट्यावर चारचौघांत शब्द टाकिला, तो ऐसा: "पाडव्याला हाक मारणार. वळखलं तर माजी. न्हाय वळखलं, तर त्याच दिवशी टेम्पोत घालून चंदगडला. मंगळवार पेठेत शब्द म्हंजे शब्द."

शब्द टाकोन घरी आले तो झुंबरबाई चुलीपाशी पाठ करोन बसलेल्या. त्यांनी पाठ न फिरविता एवढेच म्हटले, "सासूआत्यांनी जाताना माजा हात धरला न्हवता. चंद्रीच्या पाठीवर हात ठिवलावता. इसरलासा?" त्या रात्री यंत्र दोनदा वाजले आणि पिराजीरावांनी ते उचलिले नाही. परंतु ही गोष्ट झुंबरबाईंवाचून कोणी पाहिली नाही, म्हणोन हिचा परिणाम पेठेवर काही जाहला नाही.

पाडव्याची पहाट उजाडली. चंद्रीस न्हाऊ घालोन तेल चोपडिले, शिंगे हिरवी-भगवी रंगविली, मोरपिसांचा तुरा बांधिला, गळा कवड्यांनी भरला. बोळाच्या तोंडाशी आकारामांचा टेम्पो येऊन उभा, मागे गवत अंथरलेले. चंद्रीने टेम्पोकडे एकवार पाहिले. मिरवणुकीआधी शेवटली धार काढावी म्हणोन पिराजीराव बसले. दूध येणार नाही हे ठाऊक, परंतु बसले. आणि आज काय मनात आले कोण जाणे, त्यांची मान आपसूक सरळ जाहली, कपाळ कुशीकडे झुकले. टेकणार, तोच घंटी. टेम्पो मिरवणुकीत कोठे लावू, ऐसा आकारामांचा सवाल, नाक्यावरोन, कृष्णातरावांच्या यंत्रावरोन. पिराजीरावांनी सवयीने यंत्र खांद्यात दाबिले, मान वाकडी केली, यंत्र चंद्रीच्या कुशीस लागोन मधमाश्यांच्या पोळ्यासारखे थरथरले. आणि चंद्रीने मागला पाय उचलिला. तिने मालकास धक्का लाविला नाही. नेमका खांदा हलविला. यंत्र उडाले, गिरकी घेतली, आणि इतर म्हशींच्या दुधाने काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये जाऊन बुडाले. दोन बुडबुडे आले. दुधाखालोन एकवार घंटी वाजली, ती दूरदेशीच्या देवळातील वाटावी, आणि मग सर्व शांत जाहले.

झुंबरबाईंनी पदर तोंडास लाविला. दुःखाने की कशाने, ते बखरकारास सांगता येत नाही.

यंत्राचा वध जाहला, ऐसी वार्ता पसरली, आणि त्या उदास समयी मिरवणूक निघाली. दुतर्फा माणसे, माडीच्या सज्जात भरमाप्पा, फटाके, हलगी. एकेक गवळी फटफटी धडधडवीत पुढे जाई, हाक मारी, आणि त्याची म्हैस घुंगरू उधळीत धावे. पिराजीरावांची पाळी आली. ते पुढे जाऊन थांबले, वळले, आणि गर्जले, "चंद्रे! ये! ये की! ये, लगीच ये!" हा तोच आवाज, जो ती भाद्रपदापासोन ऐकत होती. चंद्री हलली नाही. त्यांनी फटफटीचा कान पिळोन अवघा रस्ता हादरविला. चंद्री हलली नाही. गर्दीत कोणी हसले. आकारामांनी टेम्पोचे फाळके पाडिले, त्याचा खडाड आवाज जाहला.

मग पिराजीरावांनी फटफटी बंद केली. हलगीवाल्याने त्यांचे तोंड पाहोन हलगी थांबविली. ते खाली उतरले, डोईचा फेटा काढिला, आणि भर रस्त्यात, मंगळवार पेठेच्या देखत, ज्या गळ्याने आजवर गिऱ्हाइकांस दटाविले त्या गळ्यातोन हळूच ओवी काढिली:

चंद्रे गं माजे बाय, तुज्या कपाळी उगवला चांद...

आणि थांबले. दुसरा चरण येईना. जो चरण मातोश्री म्हणत, जो ते स्वतः रोज दोन वेळा म्हणत, तो कोठे गेला? त्यांनी डोळे मिटिले. पुन्हा म्हटले, "...कपाळी उगवला चांद..." आणि पुढे शब्द यावा तेथे मुखातोन घंटीची चाल आली, टिडिंग टिडिंग टिडिंग. लोक हसले. ते पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेस तेवढेही नाही, नुसते "चंद्रे गं माजे बाय" इतकेच, आणि तेही लहान पोराने आईस अंधारात हाक मारावी तैसे. मग तेथेच, फटफटीस टेकोन, मान खाली घालोन उभे राहिले.

आणि घुंगरू वाजले.

चंद्री धावत आली नाही. ती चालत आली, आपल्या डौलाने, गर्दी दुभंगीत. टेम्पोजवळोन गेली आणि टेम्पोने काय करावयाचे ते टेम्पोने ठरविले. पिराजीरावांपाशी येऊन तिने तोंड पुढे केले नाही. ती वळली, आडवी उभी राहिली, आणि आपली कूस त्यांच्या कपाळाच्या उंचीस आणोन थांबली, जैसे कोणी बसावयास पाट मांडावा. पिराजीरावांनी कपाळ टेकिले. तिची कातडी एकदा थरथरली आणि निवली. मग हातही न लाविता तिचे आचळ ठिबकू लागले, आणि पाडव्याच्या दिवशी मंगळवार पेठेचा रस्ता दुधाने भिजला. पैलवान मागे पेले आणावयास धावले. त्यांस पाठमोरे पाहोन झुंबरबाईंनी दटाविले, "थांबा की रं मुडद्यांनो! जरा थांबा."

आता विजयाचा निवाडा. सायंकाळी तालमीत दरबार भरला आणि सर्वानुमते ठरले ते ऐसे: म्हशीस स्मृती आली, त्याचे कारण यंत्रास दुधाचा अभिषेक घडला आणि लहरी मेल्या. सबब दूध हा लहरींवर अक्सीर इलाज. कृष्णातरावांनी दुसरेच दिवशी दुधात भिजवोन वाळविलेली कव्हरे विक्रीस मांडिली, ती हातोहात खपली. भरमाप्पांस हार घातला, कारण मनोरा नसता तर ही फत्ते कोणावर करावयाची होती? मनोरा जागचे जागी आहे. शांभवीबाईंस आनंदाची वार्ता कळविण्यात आली; त्यांनी पुसले, "मामा आता धार कशी काढतात?" आणि हा सवाल प्रस्तुत विषयाशी गैरलागू ठरला. लहरींनी माणसांचा मेंदू विसरतो की माणूसच विसरतो, हा मुख्य तंटा विद्वानांकडे तहकूब ठेविला आहे. ते ठरवितील तेव्हा कोणी लक्षात ठेवून पेठेस कळवावे.

पिराजीरावांचा शब्द म्हणजे शब्द, आणि चंदगडाहून आलेला टेम्पो रिकामा फिरविणे बरे दिसेना. म्हणोन दुधात बुडालेले ते यंत्र तांदळात वाळवोन, नारळ व खणासह, मानाची खिलत म्हणोन आकारामांस बहाल करण्यात आले. जेथे रेंज नाही तेथे ते सुखाने हद्दपार आहे. वाजत नाही. आकाराम त्याने काजू फोडितात, ऐसी खबर आहे.

पिराजीरावांनी पुढे नवे यंत्र घेतले. घेणे प्राप्तच होते. परंतु गोठ्याच्या दारास झुंबरबाईंनी एक खिळा ठोकिला, आणि धारेच्या वेळी यंत्र त्या खिळ्यास टांगावे असा जाबता केला. आत पिराजीराव कपाळ टेकोन बसतात, बाहेर यंत्र बोंबलते, चंद्री एक कान हलविते, इतकेच.

राहता राहिला ओवीचा दुसरा चरण. तो मिळविण्याची शिकस्त पेठेने केली. झुंबरबाई म्हणाल्या, "तुमी गोठ्यात म्हणायचासा, मी चुलीपाशी, मला चालच तेवढी ठावं." कृष्णातरावांनी "मोबाईल पडला दुधात, त्येची रिंग झाली बंद" ऐसा चरण जुळवोन दिला. भरमाप्पांनी निरोप धाडिला की "तिला द्यावी सरकी, जिचा ताजा सुगंध" हे बसते काय पाहावे. पिराजीराव सर्वांचे ऐकोन घेतात आणि धारेस बसता पहिलाच चरण दोनदा म्हणतात. दुसऱ्याच्या जागी नुसती धार वाजते. त्या जागी आले की चंद्री रवंथ थांबविते, मान किंचित वळवोन त्यांजकडे पाहते, जैसे मास्तरीण अडलेल्या पोराकडे पाहते, आणि मग पान्हा सोडिते.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, म्हैस धन्यास आणि धनी म्हशीस परत मिळाला, ही नोंद करवीर मुक्कामी साक्षीपुराव्यानिशी पक्की केली. ओवीचा अर्धा भाग गहाळ आहे. तो एकटीस ठाऊक आहे, आणि ती सांगत नाही.